किलीमांजारो : ‘शेवटचं पाणी’ या पाटीच्या पुढे

सोलापुरात माझा बोअरवेलचा धंदा आहे. माझ्याआधी वडील विहिरी फोडायचे. त्यामुळे जमिनीच्या पोटातून जे काही वर येतं ते हातात घेऊन बघायची सवय लहानपणापासूनची. वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, मध्येच तांबड्या गेरूचा पट्टा आणि खाली कठीण काळा पाषाण. हा सगळा निवलेला लाव्हा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे मला एका भूजलतज्ज्ञांनी मोहोळकडच्या एका बांधावर बसून समजावलं, तेव्हा मी तिशीत होतो. आपल्याकडचा लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून आला आणि पसरत गेला, थरावर थर बसत गेले. म्हणून ज्वालामुखी म्हणून बोट दाखवावं असा शंकूसारखा डोंगर आपल्याकडे नाही. लाव्ह्यात भोकं पाडून आयुष्य काढलं, तर खरा ज्वालामुखी एकदा डोळ्यांनी पाहायचाच, हे त्या दिवसापासून डोक्यात होतं.

किलीमांजारोच का? टांझानियातला हा ज्वालामुखी म्हणजे आफ्रिकेतला सगळ्यात उंच डोंगर, ५८९५ मीटर, तरी दोरखंड लावून चढावं लागत नाही, चालत जाता येतं. आणि विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंशांवर असून माथ्यावर हिमनद्या आहेत. १९१२ साली तिथे जेवढा बर्फ पसरला होता, त्यातला सुमारे ८५ टक्के २००७ पर्यंत आटला. आटणं म्हणजे काय हे सोलापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. उरलंय तोवर बघून यावं, असं ठरवलं.

आम्ही चौघं होतो. मी, बायको, इंजिनिअरिंगला असलेला भाचा आणि आमचे डॉक्टर मित्र. सोलापुरात चढायला डोंगर नाही. सहा महिने आम्ही पाठीवर दहा किलोची सॅक लावून जिने चढलो, महिन्यातून एकदा तुळजापूरचा घाट चालत चढलो आणि दोनदा कळसूबाई करून आलो.

निघणाऱ्यांसाठी काही गोष्टी इथेच सांगतो. आमचं विमान इथिओपियावरून होतं, म्हणून पिवळ्या तापाची लस घेतली. ती निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबरच ठेवायचं. टांझानियाचा व्हिसा ऑनलाइन मिळतो, ५० डॉलर. डॉलर नव्या, कोऱ्या नोटांत न्या. जुन्या आणि फाटक्या कुणी घेत नाही. २०१९ पासून तिथे प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, तेव्हा खाऊ कापडी पिशव्यांत आणि डब्यांत भरा.

मोशी

सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आटोपली, नंदीध्वजांचं दर्शन घेतलं आणि दोन दिवसांनी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालो. पुढचा प्रवास सरळ झाला. फक्त किलीमांजारो विमानतळावर उतरलो तेव्हा बायकोची बॅग आलीच नव्हती. तिचे थंडीचे सगळे कपडे त्यात. ती बॅग आम्हाला परतीच्या दिवशी मिळाली. डोंगराच्या पायथ्याच्या मोशी गावात जाकीट, स्लीपिंग बॅग, हातमोजे सगळं भाड्यानं मिळतं आणि चांगलं मिळतं, त्यामुळे निभावलं. पण यातून एक शिका: चढाईचे बूट पायात घालूनच विमानात बसा आणि एक उबदार थर हातातल्या बॅगेत ठेवा. आमच्या हातातल्या बॅगेत एक सोलापुरी चादर होती, आईनं बळेच दिलेली. पुढचे सहा दिवस तिनं जी साथ दिली, ती भाड्याच्या कुठल्याच वस्तूनं दिली नाही.

मोशी म्हटलं की आपल्याला चिंचवडजवळची मोशी आठवते. स्वाहिलीत मोशी म्हणजे धूर. आणि एक शब्द कानावर पडला की पुढचे थांबेचनात. दुकान म्हणजे ‘दुका’, गाडी म्हणजे ‘गारी’, साबण ‘साबुनी’, हिशेब ‘हेसाबू’, लाख ‘लाकी’. चहा आणि चपाती तर जशीच्या तशी. अरबस्तान, गुजरात आणि हा किनारा यांच्यामध्ये शेकडो वर्षं गलबतं ये-जा करत होती, त्यांच्याबरोबर हे शब्दही फिरले.

दुसऱ्या दिवशी गाडी कधी येणार म्हणून विचारलं, तर ड्रायव्हर म्हणाला, दोन वाजता. आम्ही घाबरलो. नंतर कळलं की त्यांचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. आपल्या जुन्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजायचे की! तेव्हा तिथे वेळ ठरवताना ‘सकाळचे’ की ‘दुपारचे’ हे बोलून घ्या.

संध्याकाळी ढग बाजूला झाले आणि गच्चीवरून डोंगर दिसला. मी क्षितिजावर शोधत होतो आणि तो होता क्षितिजाच्या कितीतरी वर, ढगांच्याही वर. १८४८ साली योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्यानं हा बर्फ पाहून लिहून कळवलं, तर लंडनमधल्या मोठमोठ्या भूगोलतज्ज्ञांनी ते खोटं ठरवलं होतं. विषुववृत्तावर कसला बर्फ! त्या गच्चीवर मला रेबमानची फार कीव आली. डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं आणि न पाहिलेल्यांनी हसायचं.

पहिला दिवस : मारांगू गेट ते मंदारा

किलीमांजारोला बऱ्याच वाटा आहेत. आम्ही मारांगूची घेतली, कारण तिच्यावर तंबूऐवजी लाकडी झोपड्या आहेत. गेट १८७० मीटरच्या आसपास, मंदारा २७२० वर. म्हणजे पहिल्याच मुक्कामाला आपलं कळसूबाई हजारभर मीटर खाली राहतं.

आमचा गाईड पन्नाशीचा, चागा समाजाचा. या डोंगराच्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या केळी आणि कॉफी करणारे ते हे लोक. मी सवयीनं त्याला ‘काका’ म्हटलं तर तो खूष झाला, स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ. भाच्यानं एका तरुण पोर्टरला ‘दादा’ हाक मारली, तर सगळे थांबून बघायला लागले. दादा म्हणजे बहीण! संध्याकाळी काकानं मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, हा मुलगा तुम्हाला दिवसभर आई का म्हणतो? मामा म्हणजे तिकडे आई. मी त्याला आपलं नातं समजावलं, आईचा भाऊ. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, मग बरोबर आहे, आईच झाली.

वाट दाट जंगलातून जाते. झाडांच्या फांद्यांवर दाढीसारखं शेवाळ लोंबतं आणि त्याच्या टोकाला थेंब. पाऊस नव्हता. धुकं आत शिरायचं, पानांना चिकटायचं आणि थेंबाथेंबानं खाली गळायचं. मी एक मूठभर शेवाळ दाबून पाहिलं, तर अंघोळीचा पंचा पिळावा तसं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. काळी-पांढरी, झुपकेदार शेपटीची कोलोबस माकडं वरून बघत होती. बायको आणि भाचा फोटो काढत राहिले. मी मात्र वाटेच्या कडेचे ओढे मोजत होतो. चार तासांत अकरा. सगळे वाहते.

दुसरा दिवस : होरोंबो

जंगल एकदम संपतं, कुणी रेघ मारल्यासारखं. पुढे झुडपं, मग गवत. १२ किलोमीटर चाल, ३७२० मीटर. गाईडचं एकच पालुपद, ‘पोले पोले’, म्हणजे हळू हळू. हे मनावर घ्या. बोलत बोलत चालता येईल एवढाच वेग ठेवायचा. दम लागला की वेग चुकला. पाणी दिवसाला तीन-चार लिटर प्यायचं. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्या उद्यानात चालत नाहीत, घरून पक्क्या बाटल्या न्या.

पोर्टर आमच्या पुढून जायचे, डोक्यावर कापडाची चुंबळ आणि तिच्यावर ओझं. एकाला २० किलोची मर्यादा आहे आणि गेटवर वजन करतात. आपल्याकडे बायका घागरीखाली घालतात तशीच चुंबळ. कंपनी निवडताना स्वस्त बघू नका, पोर्टरांना पगार आणि जेवण नीट देते का ते विचारा. या माणसांच्या मानेवर तुमचा प्रवास उभा असतो.

तिसरा दिवस : होरोंबोतच

हा जादा दिवस सहा दिवसांच्या बेतात असतो, पाचच्या नाही. पैसे वाचवायला पाच दिवसांचा बेत घेऊ नका, शरीराला उंचीची सवय व्हायला तो दिवस लागतोच. त्या दिवशी ४००० मीटरपर्यंत जाऊन परत खाली यायचं. तिथे झेब्रा रॉक्स नावाचे कडे आहेत. काळ्या खडकावर वरपासून खालपर्यंत पांढरे पट्टे. गाईडनं सांगण्याआधीच मी ओळखलं, पाण्याच्या खुणा! खडकातून पाझरणारं पाणी क्षार मागे ठेवून जातं. विहिरीच्या भिंतीवर असेच पट्टे बघून वडील सांगायचे, इथे झरा होता, किंवा इथे लागेल.

वाटेत पुरुषभर उंचीची कोबीसारख्या माथ्याची झाडं उभी आहेत, जायंट ग्राउंडसेल म्हणतात. वाळलेली पानं गळू देत नाहीत, खोडालाच गुंडाळून ठेवतात, थंडीपासून वाचायला. रात्र झाली की नवी पानंही मिटून घेतात. संध्याकाळी मी एका झाडाच्या त्या वाळक्या पानांच्या थरात बोटं घातली. बाहेर हात बधिर होत होते, आत ऊब होती.

रात्री जेवणात उगाली आली. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, बरोबर घेवड्याची आमटी आणि पालेभाजी. शाकाहारी असाल तर ‘सिली न्यामा’ म्हणा, मांस खात नाही. आम्ही आमच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. काकानं भाकरीचा तुकडा मोडला, वास घेतला आणि म्हणाला, ‘म्तामा!’ म्हणजे ज्वारी. ज्वारी मुळात आफ्रिकेतली, सुदानच्या बाजूला माणसानं ती पहिल्यांदा पेरायला घेतली. हजारो वर्षांपूर्वी तिकडून आलेलं धान्य आम्ही शाळू म्हणून मिरवतो आणि आता तेच भाकरी होऊन त्याच्या ताटात परत गेलं. त्याला चटणी तिखट लागली, तरी त्यानं दोनदा मागून घेतली.

चौथा दिवस : किबो

या दिवसाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय आणि त्या दिवशी तसं काहीच घडलं नाही.

होरोंबो सोडल्यावर दीड-दोन तासांनी एक ओहोळ लागतो. त्याच्याजवळ लाकडी पाटी, इंग्रजीत लिहिलेलं, ‘शेवटचं पाणी’. पोर्टर तिथे थांबून कॅन भरत होते. पुढच्या किबो हटवर पाण्याचा थेंब नाही. स्वयंपाक, चहा, प्यायचं, सगळं इथून डोक्यावरून वर जातं. मी त्या पाटीपाशी बराच वेळ उभा राहिलो. समोर एवढा मोठा बर्फाचा माथा आणि त्याच्या पायाशी पाणी नाही, हे मला पटेना. मी काकाला विचारलं, वरचा बर्फ वितळून जातो कुठे?

त्यानं सांगितलं ते असं. बर्फ वितळतो थोडा, उडून जातो जास्त. हवा इतकी कोरडी आणि ऊन इतकं कडक, की बर्फाची थेट वाफ होते. खाली गावात जे पाणी येतं, ते बहुतेक सगळं जंगलाचं. पहिल्या दिवशी ज्या ओल्या झाडांतून आलात ना, तेच आमचं धरण.

हेच मी नंतर वाचूनही पाहिलं. दक्षिण उतारावरच्या जंगलात वर्षाला २००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, माथ्यावर २०० सुद्धा नाही. म्हणजे आपल्या सोलापूरपेक्षाही माथा कोरडा. मी बर्फ बघायला आलो होतो आणि खरं पाणी पहिल्याच दिवशी माझ्या कोपरावरून ओघळून गेलं होतं. मी पंचवीस वर्षं लोकांना जमिनीतलं पाणी काढून दिलं. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, उन्हाळ्यात लोक रात्री-अपरात्री फोन करतात आणि मी गाडी घेऊन जातो, पाचशे, सहाशे, आठशे फूट खाली. पाणी मुरतं कुठून याचा विचार मी फार कमी केला. त्या पाटीपाशी मला त्याची लाज वाटली.

पुढे सॅडल. किबो आणि मावेन्झी या दोन शिखरांमधलं मोकळं वाळवंट. झाड नाही, गवत नाही, वारा आणि दगड. इथे मी खाली बसून एकेक दगड बघितला. भोकाभोकांचा, हलका, अगदी आमचा मांजऱ्या! फक्त आमच्याकडे त्या भोकांत पांढरे खडे भरलेले असतात, इथली रिकामी, कालच उकळून थांबल्यासारखी. आणि एक दगड मी आयुष्यात पाहिला नव्हता असा: काळ्या दगडात पिवळट पांढरे स्फटिक, बरोबर शंकरपाळ्याच्या आकाराचे. किबोच्या लाव्ह्याची ती ओळखच आहे. बायकोला दाखवला. बघून परत जागेवर ठेवला, उद्यानातून दगड आणायचा नसतो.

किबो हट, ४७२० मीटर. भूक मेली होती, डोकं ठणकत होतं. कडक भाकरी चहात बुडवून खाल्ली, तेवढीच गेली.

पाचवा दिवस : माथा

रात्री साडेअकराला उठवलं. दुसऱ्या दिवशी रथसप्तमी होती, त्यामुळे षष्ठीचा चंद्र मावळतीला टेकला होता. निघालो तेव्हा फक्त चांदण्या आणि कपाळावरचे दिवे. उणे दहाच्या खाली असेल. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवा, पाणी वरून गोठतं, म्हणजे तोंड मोकळं राहतं. नळीनं पाणी ओढायची पाठीवरची पिशवी गोठते, भरवसा ठेवू नका. मोबाइलची बॅटरी आतल्या खिशात ठेवा.

घसरत्या वाळूचा चढ. दोन पावलं वर, एक खाली. सोलापुरी चादर बायकोनं जाकिटाच्या आतून गुंडाळली होती. ५१५० मीटरवर हान्स मायर गुहा येते. हा जर्मन १८८७ साली बर्फ आडवा आला म्हणून परत फिरला होता आणि १८८९ च्या ऑक्टोबरात लुडविग पुर्टशेलर या गिर्यारोहकाला घेऊन, बर्फात कुऱ्हाडीनं पायऱ्या खोदत माथ्यावर पोचला. त्या गुहेपाशी आमचे डॉक्टर खाली बसले. ओकारी झाली, बोलताना जीभ अडखळली. स्वतः डॉक्टर, त्यांनी एका मिनिटात ठरवलं. ‘मी उतरतो. तुम्ही थांबायचं नाही.’ दुसरा गाईड त्यांना घेऊन गेला आणि खाली उतरताच दोन तासांत त्यांना बरं वाटायला लागलं. मला विचाराल तर आमच्या चौघांतलं सगळ्यात धाडसाचं काम त्यांनी केलं. डोकेदुखी वाढत चालली, तोल जायला लागला, तर माथा तिथेच सोडून खाली या. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

गिलमन्स पॉइंटला, विवराच्या काठावर, पोचलो तेव्हा पूर्व तांबडी होत होती. मावेन्झीच्या मागून सूर्य आला. रथसप्तमीचा सूर्य! सोलापुरात तेव्हा नऊ वाजले होते. आईनं अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यातलं दूध उतू घातलं असणार. बायकोनं खिशातून तिळगुळाची पुडी काढली. तीळ गोठून दगड झाले होते. एकेक दाणा तोंडात धरून ठेवला. काकाला दिला, तर तो म्हणाला, ‘उफुता’, आमच्याकडेही होतात. बायकोनं तिथेच थांबायचं ठरवलं, एका पोर्टरबरोबर ती उतरली. मी आणि भाचा पुढे गेलो.

पुढचे दोन तास काठाकाठानं. उजवीकडे विवर, त्याच्या पोटात आणखी एक विवर, जिथून अजून गंधकाची वाफ निघते. डावीकडे खाली दक्षिणेच्या हिमनद्या. मला वाटलं होतं बर्फ म्हणजे उतारावर पांघरलेली चादर. तशी नाही. भिंती उभ्या आहेत, सरळ कापलेल्या, निळसर, मोकळ्या राखेवर. दगडाच्या खाणीत शेवटी एखादा उभा ठोकळा राहतो, तशा. भिंतीवर आडव्या रेघा. २००० साली शास्त्रज्ञांनी या बर्फात सहा बोअर घेतले होते, तळाच्या खडकापर्यंत. सगळ्यात खोल सुमारे ५० मीटर, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे फूट. तेवढ्यात त्यांना ११,७०० वर्षांचा बर्फ मिळाला आणि त्यात सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा धुळीचा एक पट्टा, मोठ्या दुष्काळाचा. मी आठशे फूट जाऊन कधी कोरडी धूळ बाहेर काढतो आणि त्या माणसांनी दीडशे फुटांत दुष्काळाची तारीख बाहेर काढली. वडील बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडत होते, त्याचीही कुठेतरी अशी रेघ उमटली असेल.

उहुरू, ५८९५ मीटर. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. भाचा म्हणाला, ‘मामा, पोचलो.’ मला उत्तर द्यायला श्वास नव्हता, मी त्याचा हात धरला. समुद्रसपाटीला मिळतो त्याच्या निम्मा प्राणवायू तिथे असतो. दहा मिनिटं थांबलो.

सहावा दिवस : मारांगू

होरोंबोला झोपून सकाळी खाली निघालो. चौघं परत एकत्र. जंगल लागलं तेव्हा मी चालणं मुद्दाम सावकाश केलं.

गेटवर प्रमाणपत्रं मिळाली, पोर्टरांची टीप दिली. त्याची रक्कम आधी ठरवून वेगळ्या पाकिटात ठेवा, घाईत चुकते. काकानं घरी नेलं. केळीच्या बागेत घर, केळीच्या सावलीत कॉफी, कॉफीच्या खाली सुरण-घेवडा. ही बाग पिढ्यान्‌पिढ्या तशीच हातात येते. त्याच्या आईनं केळीचं सूप केलं होतं, आमच्यासाठी मटणाशिवाय. मी ती सोलापुरी चादर काकाच्या आईच्या खांद्यावर घातली. मोराची नक्षी तिनं बोटानं गिरवून पाहिली.

बागेच्या कडेनं एक पाट वाहत होता. डोंगरातल्या ओढ्यावरून वळवून आणलेला, गावानं मिळून राखलेला, ‘म्फोंगो’ म्हणतात. पाळी ठरलेली असते. काकाची आई उठली, कुदळ घेतली, आज पाळी त्यांची होती. ती वाकून मातीचा बांध फोडणार, तेवढ्यात मी हात पुढे केला. आमच्याकडे याला दारं धरणं म्हणतात, लहानपणी कितीदा केलंय. तिनं कुदळ माझ्या हातात दिली. माती काळीच होती. एक ढेकूळ बाजूला सारलं, पाणी क्षणभर घुटमळलं आणि वळून केळीच्या बुंध्याकडे निघालं. मी दुसरं ढेकूळ उचलायला लागलो, तर म्हातारीनं माझ्या दंडावर हात ठेवला.

‘पोले पोले,’ ती म्हणाली.